पल्लवीचा रिपोर्ट आणि बागेतली हिराकस

...आणि वर आमचा मेहुणा म्हणतो कसा, ‘दाजी, तुम्हाला नाय समजायचं!’ अरे, रक्त माझ्या पोरीचं, कागद माझ्या हातात, आणि मलाच नाय समजायचं? तुम्हाला सांगतो, चौथी नापास हाय मी, आंधळा नाय!

झालं काय, आमची पल्लवी. एकुलती, मी पंचेचाळिशीत असताना झालेली. दोन हजार तीन साली अकरावीला गेली आणि कॉलेजचे जिने चढली की धापा टाकायला लागली. तोंड पांढरंफटक. एक दिवस वर्गातच पडली! आमची मंडळी, फुलाबाई, तिनं तर रडून घर डोक्यावर घेतलं. नाशिकला द्वारकेजवळ डॉक्टर हायेत, त्यांनी रक्त तपासायला लावलं. शनिवारी रिपोर्ट आणायला गेलो तर खिडकीतली बाई म्हणते, ‘आजोबा, डॉक्टर सोमवारी येतील.’ आजोबा? बाप हाय मी तिचा! आणि सोमवारपर्यंत काय करू, कागदाची पूजा?

आता पोरीला कागद दाखवायचा नव्हता, आणि नात्यात दुसरा इंग्रजी वाचणारा एकच, हा माझा मेहुणा रावजी. तीस वर्षं कारकुनी केलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कागद उजेडाला धरला, लांब नेला, जवळ आणला आणि म्हणाला... ‘च्च!’ तुम्हाला सांगतो, असा ‘च्च’ माणूस मयताच्या दारात करतो!

‘हिमोग्लोबिन आठ, दाजी. आमच्या साहेबांच्या पुतण्याचं असंच होतं.’

‘मग?’

‘मुंबईला नेलं.’

‘मग पुढं?’

‘पुढं काय... शिकलेलं घर, त्यांनी सोसलं.’

आता या माणसाला मारायचं की नाय, तुम्हीच सांगा! फुलाबाईनं तिथंच सप्तशृंगीला नवस बोलला. पोरगी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. मला म्हणते, ‘आबा, मला काय झालंय हो?’ काय सांगू?

रविवारी सकाळी कागद उचलला आणि तडक बागेत गेलो. अडीच एकर द्राक्षं हायेत आमची, तिथं कोणी ‘च्च’ करत नाय! वेलीखाली बसलो, कागद उघडला आणि बघतो तर... अरे, हा कागद वळखीचा हाय की! दरवर्षी पानांचे देठ तपासायला पाठवतो ना आम्ही, त्याचा रिपोर्ट असाच येतो. आधी नाव, मग सापडलं किती, मग पाहिजे किती. तेच तीन रकाने! आणि इंग्रजी मला येत नसलं तरी खताच्या गोणीवरचं येतं. झिंक वळखतो, बोरॉन वळखतो. बोट सरकवत खाली खाली आलो आणि थांबलो. आय, आर, ओ, एन. आयर्न! लोह! सापडलं बावीस, पाहिजे पन्नासच्या वर. मान वर केली तर समोर चुनखडीच्या जमिनीतली वेलींची ओळ. कोवळी पानं पिवळी, नुसत्या शिरा हिरव्या, लोह मिळालं नाय की असंच होतं. अगदी पल्लवीचं तोंड! चौथी नापास हाय मी, आंधळा नाय!

पळत घरी आलो. ‘नवस मागं घे गं! पोरीला लोह कमी हाय. बागेला आपण लोहासाठी हिराकस देतो, तसलं कायतरी लागणार!’ रावजी म्हणतो, ‘दाजी, पोरगी हाय ती, द्राक्षाचा वेल नाय!’

सोमवारी सगळी वरात दवाखान्यात. डॉक्टरांनी कागद उघडला, आणि ते तोंड उघडायच्या आत मी म्हणलं, ‘साहेब, लोह कमी हाय ना?’

‘बरोबर. कोणी सांगितलं तुम्हाला?’

‘बागेनं!’

‘बाकी सगळं ठीक आहे. घाबरू नका, गोळ्या देतो. फेरस सल्फेट.’

‘म्हणजे हिराकसच की!’

डॉक्टर पोट धरून हसले. ‘तीच, पण शुद्ध केलेली. तुमची गोणी पोरीला देऊ नका हं!’

तुम्हाला सांगतो, मी मान वळवून रावजीकडं असं बघितलं, असं बघितलं... नवरदेव घोड्यावरून बघतो तसं!

तिथंच गप बसायचं ना? पण नाय! जिंकलेल्या माणसाची जीभ थांबते का? म्हणलं, ‘साहेब, पोरगी बाजरी खाते, गूळ खाते. जमिनीत लोह असतं, पण चुनखड ते वेलीला मिळू देत नाय. मग हिच्यात कोण आडवं येतंय?’

‘भाकरी कशाबरोबर खाता?’

‘चहाबरोबर!’ मी छाती काढून. ‘सकाळ-संध्याकाळ चुरून! मीच लावली सवय, चार वर्षांची होती तेव्हापासून!’

‘काका, हा चहाच तुमची चुनखड.’

फुलाबाईनं माझ्याकडं बघितलं. बास.

तीन महिन्यांत हिमोग्लोबिन साडेअकरा! पोरगी तीन जिने पळत चढायला लागली. गावात आता कोणाचाही रिपोर्ट आला की आधी माझ्याकडं! परवा सहादू आला. मी बोट फिरवलं, म्हणलं, ‘लोह चांगलं हाय, बाकीचं डॉक्टरला विचार.’ चौथी नापास हाय मी, आंधळा नाय!

फक्त आमच्या घरातून चहाची पातेली हद्दपार झाली. ‘बाप पिणार तर पोरगी बघणार,’ फुलाबाईचा कायदा. आता चहाची तलफ आली की जावं लागतं रावजीच्या घरी... आणि तो बशीत चहा ओततो, माझ्या तोंडाकडं निरखून बघतो आणि म्हणतो... ‘च्च!’