तुला मुलं आवडतात ना!

नाही, मला एक सांगा, मुलं आवडणं म्हणजे काय हो? रस्त्यात एखादं गुटगुटीत पोर दिसलं, त्याचा गालगुच्चा घेतला, 'अरे वा, काय नाव?' म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघालो, याला आवडणं म्हणतात! अख्ख्या गोतावळ्याची कार्टी एका खोलीत घालून वर मलाही आत ढकलायचं, याला काय म्हणतात? पण आमची ताई! तिच्या मुलीच्या रिसेप्शनला मी दारात पाऊल टाकतोय न टाकतोय तोच, "आलास? बरं झालं बाई! ती पोरं जरा बघ. तुला मुलं आवडतात ना!"

तुम्हाला सांगतो, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बायको नाही, मूल नाही, दुकानात शिंक आली तर माझी मीच दचकतो. आणि ही भाची म्हणजे, शाळा सुटली की घरी न जाता माझ्या मांडीवर बसून काटे फिरवणारी पोर! रिसेप्शन आटोपलं की तशीच विमानतळावर, आणि तिथून नवऱ्याबरोबर दूरदेशी, कायमची. मला काय हवं होतं? मान नको, पान नको. एक फोटो! तिच्या शेजारी उभं राहून, एकच! त्यासाठी कोट शिवला, केस काळे केले... घाईत मोज्यांचा तेवढा घोळ झाला, एक काळा आणि एक तपकिरी. पण फोटोत मोजे कोण बघतंय?

"फोटोच्या वेळी हाक मारते रे," ताई म्हणाली. "तोवर बघ. तुला मुलं आवडतात ना!"

बघतो! एकाला फुगा दिला, तो फुटला, म्हणून तो रडला, तो का रडला म्हणून त्याची बहीण रडली, आणि ही दोघं रडतायत हे बघून तिसऱ्यानं मजेत उरलेले सगळे फुगे फोडले! एक चिमुरडी होती, तिला 'का?' सोडून दुसरा शब्द माहीत नव्हता. "मामा, तुमचं लग्न का नाही झालं?" म्हटलं, "राहिलं." "का?" आता काय सांगू कपाळ! एकानं माझ्या नव्या कोटाच्या खिशात अर्धं आइस्क्रीम ठेवलं, नंतर खायला! आणि एक गालफुग्या कुणाचा होता देव जाणे. विचारलं, तर म्हणतो, "मी इथलाच."

मग मला अवदसा आठवली. म्हटलं, लपाछपी! शेवटपर्यंत जो गप्प बसेल त्याला मोठं बक्षीस!

चिमुरडी म्हणाली, "आईनं हाक मारली तर?"

"नाही यायचं."

"बाबांनी?"

"तरी नाही."

"तुम्ही मारली तर?"

"मग तर मुळीच नाही! ती माझी युक्ती असेल."

पोरं पसार! आणि काय ती शांतता... खुर्ची ओढली, पाय पसरले, मनात म्हटलं, खरंच की, आपल्याला मुलं आवडतात!

तेवढ्यात ताई. "चल, फोटो! सगळे स्टेजवर उभे आहेत. पोरं कुठायत?"

"लपलीत."

"मग बोलाव की!"

बोलाव की म्हणे! पडदे हलवले, दारांमागे बघितलं, एका आजीबाईंच्या टेबलाखाली शिरलो तर त्यांनी डोक्यात पर्स हाणली! पोरांच्या आया हाका मारतायत, बाप माझ्याकडे खाऊ की गिळू बघतायत, खाली गाडी हॉर्न देतेय, "चला, विमान चुकेल!" आणि एक पोर बाहेर येईल तर शपथ! जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही हो त्या कार्ट्यांनी, नेमकं त्या दिवशी माझं ऐकलं!

शेवटी स्टेजची झालर हलताना दिसली. झोपलो पालथा, घातलं डोकं आत. सगळी ओळीनं बसलेली, तोंडावर हात! म्हटलं, "बाळांनो, पाया पडतो, बाहेर या!"

"युक्ती!" चिमुरडी किंचाळली. "आणि मामा बोलले! मामा आउट!"

झालं! सगळी वरात माझ्या पाठीवरून तुडवत बाहेर, थेट स्टेजवर! मीही निघालो, तर कोट खिळ्यात अडकलेला. ओरडतोय, "थांबा! मी राहिलो!" आणि वरून फोटोग्राफर, "आली का मुलं? छान! हसा!"

खटॅक.

खिळ्यातून सुटेपर्यंत भाची गाडीत. काचेतून हात हलवत होती, मला शोधत होती. फार लागलं हो मनाला.

महिन्यानं फोटो आला. सगळे हसतायत. भाचीच्या शेजारी, माझ्या जागेवर, तो 'इथलाच' छाती काढून उभा! आणि खाली झालरीतून दोन पाय बाहेर, एक मोजा काळा, एक तपकिरी. भाचीनं तो मोठा करून घरात लावलाय. फोनवर म्हणाली, "येईल त्याला दाखवते, ते पाय बघा, तो माझा मामा." रडलो मी. खोटं कशाला बोलू?

काल ताईचा फोन. धाकटीचंही ठरलं. "तुझं काम तुला माहीतच आहे. तुला मुलं आवडतात ना!"

म्हटलं, आवडतात. या वेळी कोट काही शिवलेला नाही. एक काळा आणि एक तपकिरी, दोन्ही मोजे धुऊन ठेवलेत... धाकटीलाही ओळखू यायला हवं ना!