गाईची ट्यूब

कामशेतच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या.

"बबिता, आपरेशन गुडघ्याचं, अन् नाकात कापूस कशापायी फिरवला?"

"जंतू बघायला, आत्या. घावलेत. औषधाला दाद न देणारे. जखमेत उतरले तर पाय जाईल, म्हणून आपरेशन पुढं ढकललंय."

"आगं बया! माझ्या नाकात?"

"डाक्टर म्हनले, अर्धवट औषधानं जंतू निगरगट्ट होत्यात. घरी काय लावता तुमी?"

"दुसरं काय? गाईची कास सुजली तवा सडात सोडायला आणलेली ट्यूब. भेगांना लावते, नाक सुकलं की नाकातबी."

"आत्या! जनावराचं औषध?"

"वरडतीस काय? लय गुणाची हाय. तुझ्या बाळाच्या बेंबीला रोज तीच लावते की."