कोरे चौकोन

(डोंगरकडा. नर्मदाबाईंची ओसरी, दुपारचे तीन.)

करुणा : मग बारा फेब्रुवारीचा चौकोन कोरा कसा, मावशी?

नर्मदाबाई : कोरा म्हंजी दुखलं न्हाई. तुमीच शिकवलं की. डोकं दुखलं तर काळा ठिपका, न्हाई दुखलं तर कोरा.

करुणा : बारा तारखेला तुम्ही नांदेडला आमच्या केंद्रावर आला होता. तपासणीला.

नर्मदाबाई : आल्ते की. तुमी चहा पाजला.

करुणा : तो तुम्ही ओकून टाकला. मागच्या खोलीत खिडकीला चादर लावून मी तुम्हाला निजवलं, दोन तास. माझ्या नोंदीत वेळेसकट आहे.

नर्मदाबाई : साखर लई व्हती तुमच्या चहात.

करुणा : मावशी.

नर्मदाबाई : बोला.

करुणा : मी भांडायला आले नाही. काल तुमच्या पूर्ण वहीचे फोटो बघितले. नोव्हेंबरात अकरा ठिपके. मग सहा, मग तीन, फेब्रुवारीत एक. अर्धशिशीच्या या गोळीचा अभ्यास आम्ही सत्तर लोकांवर करतोय, त्यांत इतकं कुणाचंच उतरलं नाही. आमचे डॉक्टर सर खूश झाले. मीपण. आणि मग मला बारा तारीख दिसली.

नर्मदाबाई : म्या खोटं न्हाई लिवलं. नागनाथाची आण. त्या वहीत एक बी ठिपका खोटा न्हाई.

करुणा : मग ठिपके कुणाचे आहेत?

नर्मदाबाई : जी गोळी खाती तिचे.

करुणा : कोण खातं?

नर्मदाबाई : सृष्टी.

करुणा : तुमची मुलगी? शिरड शहापूरला दिलेली?

नर्मदाबाई : तीच. शाळेत तुमचं शिबिर झालं, तवा आमी दोघी आल्तो. तिला तुमी परत लावलं न् मला घेतलं.

करुणा : आठवतं. पिवळी ओढणी डोक्याला आवळून बसली होती. तुम्ही किती गोळ्या घेतल्या, मावशी? खरं सांगा.

नर्मदाबाई : एक. पहिल्या दिवशी, तुमच्या डोळ्यासमोर. बाकी समद्या तिच्या. दर पंधरा दिवसाला जायची मी. डब्यात शेंगदाण्याची चटणी, चटणीखाली कागदात पट्ट्या. येताना रिकाम्या घेऊन यायची. तुमी मोजत व्हता ना.

करुणा : हो. मी मोजत होते. बरोबर भरत होत्या.

नर्मदाबाई : भरणारच. पोरीनं एक वाया घालवली न्हाई. रोज सांजच्याला फोन करायची. दुखलं म्हणली की ठिपका, न्हाई म्हणली की कोरा. कोरा सोडला की त्या रातीला मला झोप चांगली लागायची.

करुणा : आणि तुमचं डोकं?

नर्मदाबाई : मव्हं काय, मव्हं तीस वर्साचं हाय. फडकं बांधायचं न् भाकरी थापायच्या. ती नवी हाय. सासू म्हणायची, उन्हात जायचं निघालं की हिचं डोकं कसं बराबर दुखतं. सोंगाडी म्हणायची चारचौघांत. दिवाळीला जावई सोडायला आले न् मला बोलले, मामी, आता ठिवूनच घ्या. माणूस चांगलाय हरीश, पण घरात त्यांचं चालत न्हाई. अशा टायमाला आई काय करती?

करुणा : तिला का घेतलं नव्हतं ते मी सांगितलं होतं, मावशी.

नर्मदाबाई : सांगितलं की. नव्या लग्नाची हाय, तिचं नाव बसत न्हाई. मला वाटलं रेशनसारखं असंल. कारडावर नाव एकाचं, खातं समदं घर.

करुणा : रेशनसारखं नाही हो ते.

नर्मदाबाई : मग काहून घेतलं न्हाई?

करुणा : दिवस गेले तर पोटातल्या बाळाला त्या गोळीनं काय होतं, ते अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून दिवस जाऊ शकतात अशी बाई घ्यायची नाही. घेतलीच तर तिनं पाळणा लांबवायचं लिहून द्यायचं. तिनं नाही म्हणून मान हलवली. घरचे ऐकणार नाहीत म्हणाली.

नर्मदाबाई : हे पोटाचं मला तुमी बोलला न्हाई.

करुणा : नाही बोलले.

नर्मदाबाई : चौदा पानं वाचून दाखवली तुमी. मी डोळे मिटून समदी ऐकली.

करुणा : तेरा वाचली. तुमचं मुलं बंद करायचं ऑपरेशन झालेलं, ते पान तुमच्यासाठी नव्हतं. मी उलटलं.

नर्मदाबाई : आसं.

करुणा : मावशी, सृष्टीला आता दिवस आहेत का?

नर्मदाबाई : न्हाई.

करुणा : नक्की?

नर्मदाबाई : व्हते. संक्रांतीच्या आधी गेलं. अडीच महिन्याचं. सासू म्हणली, पाण्याचा हंडा उचलला म्हणून पडलं. मी बी तेच म्हणले. पोरीला रागं भरले, तुला काय गरज व्हती हंड्याची…

करुणा : पाणी देऊ?

नर्मदाबाई : नको. बाई, त्या गोळीनं झालं का ते?

करुणा : माहीत नाही.

नर्मदाबाई : तुमी डाक्टर हाव.

करुणा : मी औषधशास्त्र शिकलेय, डॉक्टर नाही. पण डॉक्टरांनाही माहीत नाही. दहा जणींत एखादीचं, कधी दोघींचं, काही न घेताही पडतं.

नर्मदाबाई : मग त्यातलीच समजू का मव्ही?

करुणा : तसंही मला म्हणता येत नाही. आणखी एक आहे. अभ्यासात निम्म्यांना खरं औषध असतं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या गोळ्या, आत नुसती भुकटी. तुमच्या डबीत काय होतं ते मलाही ठाऊक नाही. मुद्दाम ठेवत नाहीत.

नर्मदाबाई : ते आठवतं. ते तुमी वाचलं व्हतं. पण भुकटी कशी असंल? अकराचा एक झाला की!

करुणा : भुकटीनंही होतं कधीकधी. कुणीतरी आपलं करतंय, एवढ्यानंही माणसाचं दुखणं उतरतं. का, ते पूर्ण कळलेलं नाही.

नर्मदाबाई : म्हंजी भुकटी असंल तर मी काही केलं न्हाई. न् औषध असंल तर मीच नेऊन दिलं. चटणीखाली.

करुणा : तुम्ही तिचं दुखणं जावं म्हणून दिलं.

नर्मदाबाई : ते कशासाठी दिलं ते नका सांगू मला. कळतं का, काय व्हतं डबीत?

करुणा : कळतं. अशा वेळी सर तेवढ्या एका डबीचा नंबर उघडून बघू शकतात. मला आजच त्यांना सांगावं लागेल. पण आधी सृष्टीला फोन लावा. आज तिनं गोळी घ्यायची नाही.

नर्मदाबाई : आता? तिकडं हळद शिजवायचं काम चालू हाय.

करुणा : आताच. आणि खरं कारण सांगायचं. नाही तर मी सांगते.

नर्मदाबाई : थांबा. मीच. ते स्पीकरचं तुमी दाबा, मला दिसंना झालंय.

सृष्टी : आई! आज भर दुपारी कसा केलास गं?

नर्मदाबाई : कुठं हायस?

सृष्टी : शेतात. सकाळपासनं कढईपाशी उभी हाय. हळदीची वाफ डोळ्यात, ऊन माथ्यावर, न् डोकं एकदम शांत. सासूबाई शेजारणीला म्हणल्या, आमची सून लई कामाची. मी म्हणलं, ऐकू आलं, आणखी एकदा म्हणा!

नर्मदाबाई : जेवलीस का?

सृष्टी : जेवले. आई, एक सांगू? कुणाला बोलू नको आता. पाळी चुकली, आठ दिवस झाले. ऐकू येऊन राहिलं का? आई?

नर्मदाबाई : येतंय.

सृष्टी : या खेपेला मी हंडा उचलत न्हाई. हे म्हणले, पाणी मी भरतो. समदे हसले त्यांना, तरी भरून राहिले. आज चटणी आणतीस का? तीनच गोळ्या राहिल्या.

नर्मदाबाई : गोळी खाऊ नको, बाळा. आजपासनं.

सृष्टी : काहून?

नर्मदाबाई : इथं करुणाबाई आल्यात, शिबिरातल्या. त्या म्हणतात, पोटात लेकरू असलं तर ती गोळी…

सृष्टी : तर काय?

करुणा : सृष्टी, मी करुणा बोलतेय. गोळीनं बाळाला अपाय होतो, असं आम्हाला माहीत नाही. होत नाही, असंही माहीत नाही. म्हणून ती आत्ताच थांबवायची. मी उद्या सकाळी येते, आपण दवाखान्यात तपासून घेऊ. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही.

सृष्टी : थांबवली न् डोकं पुन्हा सुरू झालं तर?

करुणा : होऊ शकतं. पोटात बाळ असताना चालतील असे दुसरे उपाय आहेत, ते सर बघतील. इतका उतार पडेल, असा शब्द मी देऊ शकत नाही.

सृष्टी : आई.

नर्मदाबाई : हां.

सृष्टी : संक्रांतीच्या आधी… तवा बी मी खातच व्हते की.

नर्मदाबाई : व्हय.

सृष्टी : दोन्ही टायमाला. तू म्हणली व्हतीस, एक बी चुकवू नको.

नर्मदाबाई : व्हय, बाळा.

सृष्टी : सासूबाई हाका मारून राहिल्यात. ठेवते.

करुणा : लागलीच परत लावू नका. थोडा वेळ जाऊ द्या.

नर्मदाबाई : ठेवते म्हणली नुसतं. रोज ‘ठेवू का’ म्हणून इचारती.

करुणा : मावशी, ते पान मी उलटलं. हे मी अहवालात लिहिणार आहे. सृष्टीलाही उद्या सांगेन.

नर्मदाबाई : लिवा. तुमचं तुमी लिवा. मव्हं कुठं लिवत्यात? सासू पुन्हा सोंगाडी म्हणंल.

करुणा : मी त्यांच्याशी बोलेन. अर्धशिशी काय असते ते समोर बसून सांगेन.

नर्मदाबाई : ऐकंल न ऐकंल. आठ वाजताची एसटी हाय. मी बी येते.

करुणा : या. सर आज नंबर उघडतील. काय निघालं ते तुम्हाला सांगू?

नर्मदाबाई : तिला इचारा. पोट तिचं व्हतं. ती म्हणली तर मला बी सांगा. न्हाई म्हणली तर मला बी नका सांगू.

करुणा : बरं. वही मी घेऊन जाते, मावशी. तुमचं नाव अभ्यासातून निघेल.

नर्मदाबाई : एवढे कोरे चौकोन. मी रोज मोजायची. आजचा राहिलाय बघा.

करुणा : आता नाही भरला तरी चालेल.

नर्मदाबाई : भरा की. तुमीच टाका. काळा ठिपका.

करुणा : तिचं तर आज दुखलं नाही म्हणाली.

नर्मदाबाई : तिचं न्हाई. मव्हं सकाळपासनं दुखून राहिलंय. आजचा मव्हा लिवा.