उतारा नसलेलं औषध

आमच्या सर्जन सरांना थांबणं म्हणजे शिक्षाच. त्यात त्या दिवशी टेबलावर टी. टी. नगरच्या सरकारी ऑफिसातले जोशीबाबू! घराच्या नकाशाच्या मंजुरीसाठी त्यांनी सरांना वर्षभर "कल आइए" ऐकवलेलं.

जोशींना रक्त पातळ करायचं नेहमीचं औषध चालत नव्हतं, म्हणून दुसरं वापरलं. बायपास छान झाली. सर सवयीने म्हणाले, "चला, उतारा द्या."

भूल देणारी मी. म्हटलं, "सर, याला उताराच नाही. असर आपोआप ओसरेल."

रक्त झिरपतच होतं. मी पुन्हापुन्हा गोठायचा वेळ मोजायची आणि सांगायची, "अजून नाही, सर."

दोन तास सर गॉज दाबून उभे! शेवटी म्हणाले, "हा माणूस बेशुद्धीतसुद्धा मला 'कल आइए'च म्हणतोय!"