खोट्या विमानाची मास्तरीण

आमी पाटोद्याचे. अब्बांचं बसस्टँडमागं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, अन् मी त्यांची थोरली, शाहीन. अब्बांनी रोडलगतचा प्लॉट विकून मला विमान शिकाया धाडलं तवा सगळी बिरादरी म्हणली, पोरीच्या शादीचा प्लॉट हवेत उडवला. मी कॅप्टन झाले तवा तीच माणसं पेढे खायला आली, काय सांगू तुमाला. तिकडं दिवसभर मी इंग्रजीत बोलते, पण इथं पाय ठेवला की जबान आपोआप अशी होती.

तर मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. विमान उतरवायचं तर धावपट्टीवर वादळ, वारा असा की एकदा खाली नेलं अन् वर घेतलं, दुसऱ्यांदा नेलं, परत वर घेतलं. शेजारचा को-पायलट म्हणला, मॅम, अजून एकदा बघू, आत्ताच दुसऱ्या कंपनीचं उतरलंय. मी म्हणलं, त्यांचं त्यांच्यापाशी, आपण दुसऱ्या शहरात जाऊ. गेलो, सुखरूप उतरलो. पण मागं प्रवाशांत एक बडे साहेब बसलेते, त्यांची सभा हुकली, ते लई तापले, म्हणले, बाईमाणूस हाय, घाबरली. तेवढंच वाक्य कंपनीत वरपर्यंत पोचलं.

चौकशी लागली. चुकलं कुठं ते कुणी सांगंना, कारण चुकलंच नव्हतं. मग कंपनीच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं, चहा पाजला अन् म्हणले, कॅप्टन, तुमी फार छान शिकवता, हैदराबादला सिम्युलेटरवर या. सिम्युलेटर म्हंजे खोटं विमान, बंद हॉलमधी यंत्राच्या पायांवर उभं केलेलं. आत सगळं खऱ्यासारखं, वादळ लावा, इंजिन पेटवा, अन् संध्याकाळी सगळे जिते घरी. मी विचारलं, ही शाबासकी हाय का सजा? ते म्हणले, तसं कशाला घेता, उलट लेकीजवळ राहायला मिळंल.

ते लेकीचं खरं होतं, तिथंच मी अडकले. माझी सना हैदराबादला तिच्या बापाजवळ वाढली, मी आज दिल्ली तर उद्या गुवाहाटी. अम्मी म्हणली, उडून उडून काय मिळवलं, लेक तुला फोनवरच ओळखते. अब्बा म्हणले, तुला वाटलं तर जा, त्यांनी ढकललं म्हणून जाऊ नको. शौहर म्हणले, तुझं तू ठरव, म्हंजे मागून बोल लावायला मोकळे. आता मला वाटतंय का त्यांनी ढकललंय, माझं मला बी कळंना. लई दिवस टाळलं, अन् शेवटी हो म्हणलं.

पैल्याच दिवशी कंपनीच्या त्याच साहेबांनी पडद्यावर नवा धडा लावून दाखवला. बघते तर माझंच वादळ, तीच धावपट्टी. दोनदा खाली, दोनदा वर, मग दुसरं शहर, हे म्हणे बरोबर उत्तर. सगळ्या पोरापोरींना हेच शिकवायचं. माझं नाव कुठंच न्हाई. मी साहेबांकडं बघितलं, ते घड्याळ बघत होते.

परवा एका नव्या पोरीनं तो धडा अगदी बिनचूक केला, अन् उतरल्यावर मला विचारलं, मॅम, खऱ्या विमानात असं केलं तर कंपनी पाठीशी राहील ना? साहेब मागंच बसलेते. मी म्हणलं, न्हाई राहणार बेटा, तरी बी असंच कर. साहेबांनी ऐकलं असंल तर ऐकू दे, आता अजून कुठं धाडतील मला. अल्ला त्या पोरीला सलामत ठेवो.