जोड कोनी लावली

माझं माहेर जळकोटचं. आमचे अप्पा जत्रेचे दुकानदार, म्हंजे गावात दुकान न्हाई, जत्रा असंल तिथं दुकान. रेवड्या, बत्तासे, गोडी शेव. मी सगळ्यात लहान, मला पोत्यावर बसवून ठेवायचे, माशा वार म्हनायचे. माशा काय वारते, माझं सगळं ध्यान मागं, कारन आमच्या पालामागं कुस्त्याचा फड असायचा आन् हलगी वाजून राहायची. बायामान्सानं फडात जायचं न्हाई तवा. मंग मी काय करायची, टेंपोच्या टपावर चढायची. अप्पा खालून वरडायचे, खाली उतर गं, आन् मी म्हनायची, बत्ताशाचं पोतं शोधून राहिले. टपावर कुठलं आलंय पोतं.

तिथूनच बघितलं मी पैलवानाला पहिल्यांदा, तवा नुकतीच लुगडं नेसायला लागलते. लाल मातीनं माखलेलं अंग, नुसते दात दिसायलते. कुस्ती मारून तसेच आमच्या पालावर आले आन् रेवडीच्या ढिगात हात घातला, तोंडात टाकली, परत हात घातला. अप्पा म्हनले, पैलवान, पोटात गेल्यालं तोलावं कसं. तर हे म्हनतेत, आधी मला तोला, खाऊन झाल्यावर परत तोला, फरक लावा. अप्पा हसून हसून बेजार. मी बी हसले, तोंडाला पदर लावून. काय सांगू ताई तुम्हाला, त्या हसन्यातच माझी जिंदगी गेली.

सोयरीक आनली वस्तादानं. इस्माईल वस्ताद, ह्यांचे गुरू, उदगीरच्या तालमीचे, म्हातारे, हाडं बी बसवायचे. लांबून लांबून लोक यायचे त्यांच्याकडं मोडलेला हात घेऊन. आता हे समजून घ्या तुम्ही, फडात पंच दोघाला समोरासमोर हुबं करतेत, छाती बघतेत, उंची बघतेत, मंग ह्याचा हात त्याच्या हातात देतेत, त्याला जोड लावनं म्हनतेत. थोराड गड्यानं बारक्याला धरलं तर लोक हुर्यो करतेत, जिंकला तरी इज्जत जाते. तर आमच्या लग्नात वस्तादानं माझा हात ह्यांच्या हातात देला आन् मांडवात सगळ्याला म्हनले, जोड बरोबरीची लागली बघा, पंचाचं काम संपलं. माझी माय म्हनली, ही बत्तीस किलोची पोर आन् तो रेडा, बरोबरीची कुठून. वस्ताद म्हनले, जिभेनं बरोबरीची हाय.

लई चांगले दिवस होते ते. खोटं कशाला बोलू, पुढचं वाईट झालं म्हनून आधीचं चांगलं वाईट होत न्हाई. पहाटं तालमीत जायच्या आधी बदामाची थंडाई मी वाटायची. जत्रेहून आले की फेटा माझ्या डोक्यावर ठेवायचे, म्हनायचे तू जिंकलीस. मी त्यांना पैलवानच म्हनायची. सासू म्हनायची, नवऱ्याला अहो म्हनावं. मी म्हनायची, अहो तर कोनीबी असतंय, पैलवान एकच हाय. एक खोड मातर होती. पाठ लागली असं कधी म्हनायचे न्हाईत. दोन्ही खांदे मातीला टेकले की पाठ लागली, कुस्ती गेली, लेकराला बी कळतंय. पन हे, माती वली होती, पंच आंधळा होता, समोरचा तेल चोपडून आलता. मी चिडवायची, पैलवान, मंग तुमच्या पाठीला माती कुठून लागली. तर म्हनायचे, खाजवायला आडवा झालतो. आम्ही दोघं बी हसायचो. हसायचं नव्हतं तवा, आता कळतंय.

मंग इस्लापूरकडच्या जत्रेत गुडघा गेला. वस्ताद म्हनले वरीसभर माती सोड. हे कशाचं सोडतेत. एक सुईवाला फिरायचा जत्रेतून, सुई मारली की दुखनं गायब, कुस्ती धरायला मोकळे. आधी कुस्तीच्या दिवशी सुई, मंग रोज, मंग सुई मिळाली न्हाई की दारू, मंग सुई बी आन् दारू बी. अंग तेच, जोर तोच, पन मानूस बदलून गेल्यालं. भांडी आपटली, ताट फेकलं, मला ढकललं. सकाळी पाया पडायचे, मी नव्हतो गं, दारू होती. मी बी खरं मानायची. दारूलाच शिव्या द्यायची, भिताडाला दगड मारल्यावानी.

एक दिवस दुपारचं जत्रेतून हारून आले. मी जवारी निवडून राहिलते. इचारलं, जेवता का. बास, येवढंच. म्हनले, हसून राहिली का मला. मी हसले नव्हते ताई, देवाशप्पत. मनगट धरलं आन् पिळलं. कट्ट वाजलं. दारात आमची शिवकन्या हुबी, पाठीवर शाळेचं दप्तर. लेकरू रडलं न्हाई, नुसतं बघून राहिलं.

हाड बसवायला मी वस्तादाकडंच गेले, दुसरं कोन होतं. म्हनलं न्हानीत पाय घसरला. वस्तादानं हात उजेडाकडं केला, मनगटावर बोटं उमटल्याली, एकएक बघितलं. मंग म्हनले, बेटी, न्हानी अशी पिळत न्हाई. ये तो मेरी पकड है, मीच शिकवलो त्याला. आन् म्हाताऱ्याच्या डोळ्याला पानी आलं. हाड बसवताना मी वरडले न्हाई, पन ते पानी बघून वरडले.

हात बांधून झाला, मला संगं घेतलं आन् तालमीत आले. पोरं जोर मारून राहिलते, हे मातीच्या कडंला बसलते. वस्तादानं पोरांना थांबवलं. म्हनले, हिच्यासंगं तुझी कुस्तीची जोड कोनी लावली. ह्यांनी मूठभर माती उचलली, सोडली. वस्ताद म्हनले, मी लावलती ती जोड संसाराची होती. कुस्तीची कोनी लावली, पंच कोन होता, सांग. ह्यांनी खाली बघितलं आन् तेच जुनं गानं काढलं, मी नव्हतो वस्ताद, दारू होती. वस्ताद म्हनले, दारूला बोटं असतेत का रे. ऊठ. ह्या मातीत पाय ठेवू नको. माझी पाठ लागली म्हनून चार लोकात तोंडानं बोलशील तवा ये.

मी लेक घेऊन जळकोटला गेले. अप्पा थकलते, पाल मीच लावायला लागले. हे नांदेडला गेले, कुठल्या तरी हाटेलाच्या दारात हुबं राहायची नोकरी. मंग ऐकलं, वस्तादच ह्यांना एसटीत बसवून लातूरला घेऊन गेलते, दारू सोडवायच्या दवाखान्यात. तिथं सोडून येताना म्हनले म्हनं, दारू हे डाक्टर सोडवतील, खोटं बोलनं तुझं तू सोडव. तिथून निरोप यायला लागले. दारू सोडली, सुई सोडली, आता ये. भाऊ म्हनला, आता काय पायजे तुला. मी म्हनलं, दारूवर माझी फिर्यादच नव्हती.

लोकाईला वाटलं लई ताठ बाई हाय. पन मला भ्याव होतं ताई. मानूस दारूवर ढकलतोय तवर त्याचा हात मोकळाच की. उद्या दारू नसंल तर रागावर ढकलंल, गुडघ्यावर ढकलंल. आन् मला ते पायजे बी होते, खोटं कशाला बोलू. फडाची हलगी वाजली की नजर टेंपोच्या टपाकडं जायची.

मंग माळेगावच्या जत्रेत आमचं पाल होतं. कुस्त्या चालू होत्या, मागं कर्ना लावलता. जुन्या पैलवानाला बोलवून फेटा बांधायची रीत हाय तिथं. कर्न्यातून ह्यांचं नाव आलं, आन् तो बोलनारा म्हनतोय, उभ्या आयुष्यात पाठ न लागलेला पैलवान. मी एका बाईला रेवडी तोलून राहिलते. हात थांबला. मंग कर्न्यात ह्यांचा आवाज. घोगरा.

म्हनले, फेटा बांधू नका. माझी पाठ लय बारी लागली, पंचावर ढकलत आलो. पन खरी लागली ती माझ्या घरात. बायकोचा हात मोडलो मी. दारूनं न्हाई मोडला, मी मोडला. लेकरू बघत होतं.

हलगी बंद. आख्खी जत्रा गप झाल्यावानी वाटलं मला, नसंल झाली, पाळने चालूच असतील. समोरची बाई म्हनली, कोन हो मेला हा. मी म्हनलं, आमचेच हायत, रेवडी किती घालू.

मी फडाकडं गेले न्हाई, पळत-बिळत अजिबात न्हाई. पाल मोडायच्या येळेला ते आले, गिऱ्हाइकाच्या रांगीत हुबे राहिले, नंबर आला तर पावशेर द्या म्हनले. मी पावशेर तोलली. म्हनलं, खाऊ नका हुबं राहून, हितं पोती उचलायला मानूस पायजे.

तवापसून पोती उचलतेत. वस्ताद गेले मागच्या साली, जायच्या आधी त्यांनी ह्यांना मातीत घेतलं. आता नवं पोरगं तालमीत आलं की हे पहिल्या दिवशी डाव शिकवत न्हाईत, माझ्या मनगटाची गोष्ट सांगतेत, सगळी. मला लाज वाटायची आधी. आता म्हनते, सांगा. शिवकन्या सासरी शिरूर अनंतपाळला हाय, बापाशी बोलती, पन मोजून. तिचा हिशेब तिचा हाय, मी मधी पडत न्हाई. थंडीत मनगट ठनकतंय, ते बी ऱ्हानारच.

हात मोडला त्या दिवसापसून मी त्यांना पैलवान म्हनले नव्हते. शिवकन्याचे पप्पा म्हनायची, न्हाईतर ओ. गाव म्हनायचं पैलवान, मी न्हाई. त्यांनी बी कधी इचारलं न्हाई कामून. परवा हे टेंपोत माल भरून राहिलते, गुळाची भेली खांद्यावर, पाय जरा लचकला, आन् माझ्या तोंडातून निघालं, पैलवान, गुडघा सांभाळा.

ते तिथंच हुबे राहिले. भेली खांद्यावर, माझ्याकडं पाठ. फिरले न्हाईत. टेंपोवाला म्हनला, काका, भरा की. तरी बी हुबेच.

सवयीनं निघालं असंल माझ्या तोंडातून. लई मोठं काही धरू नका त्याचं. तुमचं भलं होवो माय, लांबून आलात, ऐकून घेतलात. रेवडी घेऊन जा, ताजी हाय. पैलवान, ताईला पुडी बांधून द्या.