एल्मक्रेस्टचं पुस्तक

बायकोला पुरून चार दिवस झाले होते. एलरॉय नातेवाइकांना पत्रं टाकायला पोस्टात आला, तेव्हा रांगेत पुढे दोन गोऱ्या म्हाताऱ्या बोलत होत्या.

"एल्मक्रेस्ट वसाहतीला चाळीस वर्षं झाली, म्हणून पुस्तक काढलंय. सगळ्या जुन्या कुटुंबांची नावं आहेत."

"सत्तावन्न साली आलेल्या त्या काळ्या जोडप्याचं?"

"दोनच महिने तर टिकले ते!"

"टिकू कुठे दिलं? रोज त्यांच्या दारासमोर जमून उभे राहायचो आपण सगळे."

"गाणीच म्हणत होतो ना! दगड मारणारी पोरं वेगळी."

"बाई मात्र नीटनेटकी होती. रोज सकाळी फुटक्या काचा झाडायची. नाव काय गं तिचं?"

"कुणी विचारलं होतं!"

"आर्लीन टॅगर्ट," एलरॉय मागून म्हणाला. "माझी बायको. तिचं नाव घाला पुस्तकात."

"अगंबाई! पण पुस्तक छापून झालं हो."